सेव्हेसोचे ओकवन

मिलानला जाणाऱ्या मराठी माणसाने काय काय पाहायचे, हे आता ठरूनच गेले आहे. संगमरवरी कॅथीड्रल आणि त्याच्या गच्चीवरचे शिखरांचे रान. लिओनार्दोचे भिंतीवरचे चित्र, किंवा तिकीट आगाऊ काढले नसेल तर त्या इमारतीची बाहेरची भिंत. आणि काचेच्या छताखालची ती श्रीमंत बाजारपेठ, जिथे आपण हात मागे बांधून नुसते फिरायचे असते. हे सारे मीही पाहिले. ते सुंदर आहे, आणि त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते मिलानच्या उत्तरेस आगगाडीने अर्ध्या तासावर असलेल्या एका लहानशा वनाविषयी.

तिथे मला नेले माझ्या भाच्याने. तो मिलानला नोकरीस आहे. शिक्षणाने रासायनिक अभियंता आणि मूळचा डोंबिवलीकर. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे असा माणूस सुटीच्या दिवशी पाहुण्याला कुठे नेईल याचा नेम नसतो.

“मामा, उद्या तुम्हांला एक जंगल दाखवतो,” तो म्हणाला.

“अरे, मी कोकणातला माणूस. मला जंगलाचं काय कौतुक?”

“या जंगलाखाली लोकांची घरं पुरलेली आहेत,” तो म्हणाला, आणि शांतपणे कॉफी पिऊ लागला.

दुसऱ्या दिवशी कादोर्ना स्थानकावरून आम्ही उत्तरेकडची गाडी धरली. शहर कुठे संपते आणि पुढचे गाव कुठे सुरू होते हे या बाजूला समजतच नाही. घरे, कारखाने, चर्चचा मनोरा, कुणाच्या तरी परसातले टोमॅटोचे वाफे, पुन्हा कारखाना. या भागाला ब्रियान्झा म्हणतात. लाकडी सामानासाठी तो इटलीभर नावाजलेला आहे. सावंतवाडी म्हटले की आपल्याला रंगीत लाकडी फळे आठवतात. तशी तिकडच्यांना ब्रियान्झा म्हटले की कपाटे, पलंग आणि खुर्च्या आठवतात. बापाची करवत मुलाने घ्यायची, असे हे पिढीजात सुतारांचे मुलूख. रसायनांशी त्याचा संबंध म्हणाल तर फार तर रोगणापुरता.

सेव्हेसो हे त्यांतलेच एक गाव. तिथले लोक उच्चार सेवेझो असा काहीसा करतात, पण आपल्या वर्तमानपत्रांनी केलेले बारसेच मी इथे चालवतो. गंमत अशी की, ज्या कारखान्यामुळे हे नाव जगभर झाले तो सेव्हेसोत नव्हताच. तो होता शेजारच्या मेडा गावच्या हद्दीत. पण त्या दिवशी वारा दक्षिणेकडे वाहत होता. मेडाचे नाव वाचले आणि सेव्हेसोचे जगाच्या कायद्यांत कायमचे जाऊन बसले. वाऱ्याने गावाचे नशीब ठरवावे, हे कोळ्यांच्या वस्तीत ऐकले होते; सुतारांच्या गावात प्रथमच पाहिले.

स्थानकापासून चालत गेले की ते वन लागते. ‘बोस्को देल्ले क्वेर्चे’, म्हणजे ओकांचे वन. चाळीस-बेचाळीस हेक्टरांचा विस्तार. ऑक्टोबरचे दिवस होते. ओकांची पाने कडेने तपकिरी होऊ लागली होती आणि पायांखाली त्यांची टोपीवाली फळे कटकट फुटत होती. कुत्र्याला फिरवणाऱ्या बायका, पळणारी तरुण मुले, बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले पेन्शनर. आपल्या एखाद्या टेकडीवर सकाळी दिसावे तसेच सारे. मधोमध एक मोठा, गवताने मढवलेला उंचवटा आहे. त्याचे उतार जरा फाजील नीटनेटके वाटतात. देवाने केलेली टेकडी इतकी मापात नसते.

“ही टेकडी नव्हे,” भाचा म्हणाला, “ही पेटी आहे. अशा दोन आहेत. ही इथली मोठी, आणि दुसरी मेडाच्या बाजूला.”

त्या पेटीत काय आहे हे वाटेवरच्या पाट्यांवर लिहिलेले आहे. परिसरातल्या जमिनीचा वरचा थर खरवडून काढलेला; पाडलेल्या घरांच्या विटा; लोकांचे कपडे, पलंग, भांडी, मुलांची खेळणी; मेलेल्या आणि मारलेल्या जनावरांचे सांगाडे; आणि हे सारे गोळा करताना वापरलेली यंत्रेसुद्धा. मोठ्या पेटीत सुमारे दोन लाख घनमीटर आणि धाकटीत ऐंशी हजार. तळाशी, बाजूंना आणि वर न झिरपणारे अस्तर, त्यावर माती, मातीवर गवत. आतून काही पाझरते का हे अजूनही तपासले जाते.

हे सारे झाले ते एका भांड्यातल्या उष्णतेमुळे. आणि तीही अशी उष्णता, जिच्याकडे पाहणारा माणूस सुटीवर घरी गेला होता.

कारखान्याचे नाव इक्मेसा. मालकी जिनीव्हाच्या जिव्हॉदाँ कंपनीची, आणि त्या कंपनीची मालकी हॉफमन-ला रोश या स्विस औषधवाल्यांची. या कारखान्यात ट्रायक्लोरोफिनॉल नावाचे रसायन तयार होई. त्यापासून पुढे हेक्साक्लोरोफिन करीत, आणि ते कशात घालीत, तर जंतुनाशक साबणात! माणसाने स्वच्छ राहावे म्हणून चाललेला हा उद्योग. त्यात ओंगळ असे काही कुणाच्या मनात नव्हते.

आता यापुढचा भाग थोडा शास्त्रीय आहे. पण ज्या घरात दिवाळीचा फराळ होतो त्या घराला तो समजायला मुळीच जड नाही.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले म्हणजे काय होते, हे घराला स्वतःच्या हाताने सफेदी केलेल्या पिढीला सांगायला नको. खाली चूल नाही, विस्तव नाही, तरी तो चुना आपला आपणच रटरटू लागतो. रसायनशास्त्रातल्या कित्येक क्रिया अशाच असतात; त्या उष्णता मागत नाहीत, देतात. आणि उष्णता वाढली की क्रियेचा वेग वाढतो. ढोबळ मानाने दर दहा अंशांना दुप्पट. म्हणजे पन्नास अंश चढले तर वेग बत्तीसपट. वेग वाढला की आणखी उष्णता, आणि आणखी उष्णता म्हणजे आणखी वेग. जोवर भांड्याच्या अंगातून तेवढी उष्णता बाहेर जाते आहे तोवर ठीक. पण भांडे मोठे करत गेलो तर तिथे एक अडचण येते. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आतला माल आठपट होतो आणि बाहेरचा पत्रा चौपटच. वाटीतला चहा लवकर निवतो आणि लग्नघरातले पातेले तासभर गरम राहते, त्याचे कारण हेच. प्रयोगशाळेच्या चंबूत जी क्रिया सशासारखी गरीब असते, ती कारखान्याच्या भांड्यात वाघ होऊ शकते. ओल्या कडब्याची मोठी गंजी आतल्या आत तापून पेटते, पण पेंढी कधी पेटत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला रसायनशास्त्राआधीच ठाऊक होते.

इक्मेसाच्या भांड्यात ९ जुलै १९७६ च्या शुक्रवारी दुपारी सहा-सात टन माल भरला गेला. क्रिया झाल्यावर त्यातला विद्रावक उकळून काढायचा, निम्मा तरी काढायचा, आणि मग पाणी घालून सारे निववायचे, असा रिवाज होता. पण इटलीतल्या नियमाप्रमाणे शनिवार-रविवारी कारखाना बंद ठेवायचा असे. शनिवारी पहाटे पाळी संपत आली तेव्हा विद्रावक जेमतेम पंधरा टक्के निघाला होता. तरीही काम तिथेच थांबवले. वाफ बंद केली. थोडा वेळ ढवळणी चालू ठेवली आणि मग तीही बंद केली. शेवटची नोंद १५८ अंशांची आहे. पाणी घातले नाही. लोक घरी गेले.

त्यांनी हे बेफिकिरीने केले असे वरवर वाटते, पण हिशेब त्यांच्या बाजूचा होता. माल बेफाम होतो तो २३० अंशांच्या आसपास, अशी तेव्हाची समजूत. भांडे तापवणारी वाफ असे १९० अंशांची. जी वाफच १९० ची, तिने तापवलेले भांडे २३० वर जाईल कसे? योजना शहाणपणाची होती. मात्र ही वाफ वीज तयार करणाऱ्या टर्बाइनमधून बाहेर पडलेली, म्हणजे काम करून थकलेली वाफ होती. शनिवारी पहाटे कारखान्याचे एकेक विभाग बंद होत गेले, टर्बाइनवरचे ओझे कमी झाले, आणि वाफ थकेनाशी झाली. तिचे तपमान चढत चढत ३०० अंशांच्या घरात गेले. तिने भांड्याची भिंत तापवली. जिथवर माल होता तिथवर भिंतीची उष्णता मालाने घेतली. पण भांडे काठोकाठ भरलेले नव्हते. वरचा कोरडा पत्रा तसाच धगधगत राहिला.

बासुंदी आटवताना ढवळणे थांबवले की काय होते? तळाला लागते. इथे उलटे झाले. ढवळणी थांबल्यावर वरच्या कोरड्या पत्र्याची धग मालाच्या पृष्ठभागावर पडत राहिली आणि वरचा बोटभर थर तापला. १८० अंशांनंतर या मालात एक अगदी मंद क्रिया सुरू होते. ती इतकी मंद की तोवर ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. तिचा शोध या अपघातानंतर लागला. त्या बोटभर थरात ती सुरू झाली. शनिवारची सकाळ, कारखाना जवळजवळ रिकामा, ब्रियान्झात चर्चच्या घंटा, बाजारात भाजी. आणि बंद भांड्यात ती मंद क्रिया स्वतःला हळूहळू तापवत राहिली. एक तास नाही, दोन तास नाही, सात तासांहून अधिक.

“मला या सगळ्यात भीती वाटते ती या सात तासांची,” भाचा म्हणाला. “स्फोटाची नाही. त्या सात तासांत कुणी येऊन नुसती थंड पाण्याची तोटी सोडली असती, किंवा ढवळणी चालू केली असती, तरी आज हे झाड इथे नसतं.”

दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी भांड्यावरची सुरक्षा-चकती फुटली. वाफेचा लोट छतावरून थेट आकाशात गेला आणि सुमारे वीस मिनिटे जात राहिला. त्या तपमानाला मालात डायॉक्सिन तयार होते. एरवी ते नावापुरते असते. तपमान चढले की ते भराभर वाढते. किती बाहेर पडले याचे अंदाज काही शे ग्रॅमपासून काही किलोंपर्यंत आहेत. धान्याच्या पिशवीत मावेल एवढे. ते पाण्यात विरघळत नाही, मातीला चिकटून बसते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते.

त्या दिवशी कुणी मेले नाही. हेच या गोष्टीतले विलक्षण. स्फोट झाला की लोक धावतात. इथे धावण्यासारखे काहीच दिसले नाही. एक ढग आला, घाणेरडा वास आला, ढग गेला. लोकांनी जेवण उरकले असेल, वाळत घातलेले कपडे आत घेतले असतील. मग दोनचार दिवसांत झाडांची पाने करपून गुंडाळू लागली. पाखरे पडली. परसातले ससे आणि कोंबड्या मेल्या. मुलांच्या तोंडावर आणि हातांवर फोड आले आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले. नेमके काय उडाले आहे, हे गावाला कळायला सुमारे दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मुले त्याच अंगणात खेळत होती आणि आया त्याच वाफ्यातली भाजी खुडत होत्या.

२६ जुलैला पहिली घरे रिकामी केली. मग काटेरी तार आली, सैनिक आले, पांढऱ्या पोशाखातली माणसे आली. सर्वांत वाईट भागाला ‘अ’ विभाग म्हटले. तिथून एकूण ७३६ माणसांना बाहेर काढले. त्यांना बरोबर फारसे काही नेता आले नाही. घर, त्यातल्या वस्तू, मांजर, सारे मागे. त्यांपैकी काही ऑक्टोबरात तार ओलांडून आपापल्या घरांत परत शिरले होते. त्यांचा राग मला समजू शकतो. सुताराने स्वतःच्या हाताने केलेला पलंग, दिसायला तसाच धडधाकट, आणि सरकार सांगते की तो विषारी आहे. काहींना पुढे परतता आले. पण ज्यांची घरे सर्वांत वाईट पट्ट्यात होती ती पाडली गेली, आणि ती आता आमच्या पायांखाली होती. खबरदारी म्हणून पुढे सत्तर हजारांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यांत पुष्कळसे ससे आणि कोंबड्याच.

आणि गरोदर बायका. इटलीत तेव्हा गर्भपाताला कायद्याची मुभा जवळजवळ नव्हती. तो कायदा १९७८ साली झाला. सेव्हेसोच्या बायकांना पोटातल्या मुलाचे काय होईल हे कुणी सांगू शकत नव्हते, आणि डॉक्टर, धर्मगुरू, राजकारणी, वर्तमानपत्रे हे सारे मात्र त्यांना काय करावे ते सांगत होते. काहींनी गर्भपात करून घेतला, पुष्कळांनी केला नाही. त्या महिन्यांत त्या घरांतून रात्री काय बोलणी झाली असतील, हे कुठल्या पाटीवर लिहिलेले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्वचेच्या त्या रोगाचे १९३ रोगी नोंदले गेले, बहुतेक मुले. पुढच्या काही वर्षांत ‘अ’ विभागातल्या आईबापांना मुलांहून मुली खूपच अधिक झाल्या : १९७७ ते १९८४ या काळात २६ मुलगे आणि ४८ मुली. जवळच्या देझिओ गावच्या इस्पितळात कुणा दूरदृष्टीच्या माणसांनी १९७६ पासूनच लोकांच्या रक्ताचे हजारो नमुने गोठवून ठेवले होते. त्या वेळी एवढ्याशा रक्तातले डायॉक्सिन मोजण्याची सोयही नव्हती. ती पुढे आली, आणि त्या नमुन्यांमुळे आज जगाला या विषाविषयी जे कळले आहे त्यातले पुष्कळ कळले. कारखान्याचा उत्पादन-प्रमुख पाओलो पाओलेत्ती याला ५ फेब्रुवारी १९८० रोजी दहशतवाद्यांनी गोळ्या घालून मारले. आणि भांड्यातल्या उरल्यासुरल्या गाळाची ४१ पिंपे १९८२ साली इटलीबाहेर गेली ती चक्क हरवली! आठ महिने युरोपभर शोध चालला होता. शेवटी ती उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात, बंद पडलेल्या खाटीकखान्यात सापडली. एवढी सरकारे, एवढे पोलीस, आणि पिंपे सांभाळत होता एक खाटीकखाना. १९८५ साली ती बाझेलला जाळली.

१९८२ साली युरोपने धोक्याच्या कारखान्यांसाठी जो कायदा केला त्याला लोक सेव्हेसोचाच कायदा म्हणतात. १९९६ आणि २०१२ साली तो नव्याने लिहिला गेला, पण नाव तेच राहिले. त्यातला मला भावलेला भाग साधा आहे : भिंतीच्या आत काय आहे आणि ते बाहेर आले तर काय करायचे, हे भिंतीबाहेरच्या लोकांना आधीच सांगितले पाहिजे.

“आपल्याकडे आहे का रे असं काही?” मी विचारले.

“आहे ना. १९८९ चे नियम आहेत. शेजाऱ्यांना माहिती द्यायची, असं त्यांतही लिहिलंय. भोपाळनंतर आले ते.”

भोपाळचे नाव निघाले आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प चाललो. तिथेही गोष्ट उष्णतेचीच. जो द्रव शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा, त्याचे शीतयंत्र जून १९८४ पासून बंद होते. २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरले तेव्हा आतला माल आधीच हवेइतका कोमट होता. सेव्हेसोला सात तास मिळाले होते. भोपाळला मिळाले त्याहून कमी, आणि तिथे माणसे हजारांनी मेली.

डोंबिवलीचे मला सांगायला नको होते. २६ मे २०१६ रोजी तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला, बारा माणसे गेली, आणि माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघराच्या काचा फुटून कणकेच्या परातीत पडल्या. २३ मे २०२४ ला पुन्हा एका कारखान्यात स्फोट झाला. या खेपेस काचा शाबूत राहिल्या, पण ताई दोन रात्री झोपली नाही. घर विकायचे का, हा विषय तेव्हापासून त्यांच्याकडे जेवताना निघतो आणि ताक संपेपर्यंत मिटतो. घेणारा कोण, आणि जायचे कुठे? कारखाने आले तेव्हा आजूबाजूला शेते होती. घरे मागून आली. असे कारखानदार म्हणतात आणि ते खोटे नाही. पण घरे बांधायला परवानगी देणारेही कुणी होतेच. आपल्या घरापासून चारशे पावलांवरच्या भांड्यात काय शिजते आहे, हे मात्र त्या बिऱ्हाडाला आजवर कुणी येऊन सांगितलेले नाही.

दुपारी चार वाजता आम्ही त्या उंचवट्याशेजारच्या बाकावर बसलो. एक लहान मुलगा ओकफळे गोळा करून आजोबांच्या टोपीत टाकत होता. भाच्याने घरी फोन लावला; तिकडे साडेसात वाजले असतील. फोन त्याने माझ्याकडेही ऐकू येईल असा धरला.

“मामाला घेऊन फिरतोयस ना रे? कुठे आहात?”

“एका बागेत आहोत आई. तू काय करतेयस?”

“करायचंय काय, खिडक्या लावून बसलेय. आज वास जरा जास्तच आहे. तुझे बाबा म्हणतात रोजच्यासारखाच आहे, पण मला नाही वाटत. बरं ते राहू दे. मामाला विचार, चकलीची भाजणी बरोबर देऊ का पाठवून? त्याला निघायला किती दिवस आहेत अजून?”

“आठ,” मी म्हणालो.